गैरहजरांसाठी पाठ क्रमांक तीन

२ सप्टेंबर, सोमवार. दुपार, स्टाफरूम.
मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मीटिंग घेतली. यापुढे नववीचे सगळे तास व्हिडिओवर रेकॉर्ड करायचे. गैरहजर मुलांना घरी बघता येतील, हजर मुलांना उजळणीला होतील. बाकीच्या स्टाफने कुरकुर केली. मी केली नाही. सत्तावीस वर्षं गणित शिकवतोय. इतकी वर्षं जे फक्त चार भिंतींनी ऐकलं ते आता बाहेर जाईल. उशीरच झाला म्हणायचा.

विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, कॅमेऱ्याचं मुलांवर दडपण नाही का येणार? त्यांची नोकरी चार वर्षांची. मी म्हणालो, शिकवणं चांगलं असलं की मुलांना कॅमेरा दिसतच नाही. यावर मोठ्या बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

एक अट आहे. पाठ पालकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी शिक्षकाने स्वतः तो पूर्ण बघायचा आणि तक्त्यावर सही करायची. ही अट नवख्यांसाठी आहे. मी वर्गात स्वतः हजर असतो. पुन्हा काय बघायचं?

३ सप्टेंबर, मंगळवार.
पाठ क्रमांक एक. निमित्त: आठ नंबर सायकलवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये, सहा आठवडे घरी. (मी मुलांना हजेरीच्या नंबरानेच ओळखतो. नावांमुळे नकळत आवडनिवड होते. नंबर निष्पक्ष असतो.)

केस विंचरले. निळा शर्ट. आवाज पहिल्या वाक्यापासून लागला.

संध्याकाळी कळलं की फोन आडवा लावायचा असतो. मी उभा लावला होता, त्यामुळे पाठात फक्त माझा उजवा खांदा आणि पंखा आला आहे. कॉम्प्युटरचे सर म्हणाले, उद्या नीट लावून देतो. मी म्हणालो, आवाज तर आला ना? गणितात आवाज महत्त्वाचा. टाकून द्या ग्रुपवर.

तक्त्यावर सही केली.

४ सप्टेंबर, बुधवार.
पाठ दोन. फोन आडवा. फळा पूर्ण दिसतो. माझं अक्षर फळ्यावर छापल्यासारखं येतं, हे मी म्हणत नाही, इन्स्पेक्शनच्या शेऱ्यात आहे.

घरी बायकोला दाखवला. ती लॅबमधून दमून आली होती, कपड्यांच्या घड्या घालता घालता बघत होती. दहा मिनिटांनी तिने विचारलं, तुम्ही बोलताय कोणाशी? मी म्हणालो, वर्गाशी. ती म्हणाली, तोंड तर सगळा वेळ फळ्याकडे आहे. तिला समजावलं की विषय गणिताचा आहे, आणि गणित फळ्यावर असतं. तर म्हणाली, आतापर्यंत 'सोपं आहे' एकसष्ट वेळा म्हणालात.

आनंद वाटला. एवढ्या वेळा धीर देणारा शिक्षक हल्ली कुठे मिळतो?

६ सप्टेंबर, शुक्रवार.
पाठ तीन. वर्ग त्रिपदीचे अवयव. आतापर्यंतचा सर्वोत्तम. चोवीस नंबरला फळ्यावर बोलावलं. ही मुलगी खिडकीशी बसते, बोलत नाही, ना हुशारांत मोडते, ना ढ मुलांत. तिला गणित जमलं नाही, पण मी ते अंगाला लावून घेतलं नाही. थोडी गंमत केली. एक फार चांगला विनोद उत्स्फूर्त सुचला. अख्खा वर्ग हसला, मागचा बाक तर बाक वाजवत होता. मोकळं वातावरण म्हणतात ते हेच. बरं झालं कॅमेऱ्यात आलं. बी.एड.च्या मुलांना दाखवण्यासारखं आहे.

सही केली. टाकला.

९ सप्टेंबर, सोमवार.
चोवीस नंबर गैरहजर. पाठ चार झाला. आता आमचे दोन गैरहजर. म्हणजे योजनेला खरा उपयोग मिळायला लागला.

११ सप्टेंबर, बुधवार.
चोवीस अजून नाही. घरून चिठ्ठी: पोट दुखतं. हवा बदलतेय, चालायचंच. वर्गात जाहीर केलं की ज्यांचं पोट दुखतं त्यांच्यासाठीही मी उपलब्ध आहे. कोणी हसलं नाही. तब्येतीच्या बाबतीत ही मुलं हळवी आहेत.

१२ सप्टेंबर, गुरुवार. मधली सुट्टी.
व्ह्यूज मोजायला कॉम्प्युटरच्या सरांनी शिकवलं. पाठ एक: ३७. पाठ दोन: २९. पाठ तीन: एकशे दहा.

एकशे दहा. वर्गात मुलं चाळीस. म्हणजे पालक बघताहेत, शेजारी बघताहेत, इतर शाळा बघताहेत. कॉम्प्युटरच्या सरांनी नुसतंच विचारलं, सर, तो तिसरा तुम्ही बघितलाय ना? म्हटलं, अर्थात, सही आहे माझी. ते म्हणाले, पहिल्याचे सदतीसमधले पंचवीस तुमच्याच फोनवरचे आहेत. असेल. पहिल्या पाठावर कुणाचंही प्रेम असतं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार.
पाठ तीन: १५२.

विज्ञानाच्या बाईंच्या 'प्रकाशाचं अपवर्तन' या पाठाला ४४ आहेत. मी त्यांना सहज म्हणालो, मनावर घेऊ नका, विषयात थोडा विनोद घालून बघा. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, सर, मुलांना विचारून बघा ना, त्यांना काय वाटतं. मत्सर माणसाला किती सौम्य बोलायला लावतो.

१६ सप्टेंबर, सोमवार.
संकल्प. संपूर्ण नववी चाळीस पाठांत. मग दहावी. मग शिक्षकांसाठी वेगळी मालिका: 'हसत खेळत बीजगणित'. सुट्टीत घरातली मागची खोली रिकामी करून तिथे एक फळा लावायचा. बायकोला बोललो. ती म्हणाली, त्या खोलीत माझं शिवणाचं मशीन आहे. मशीन उंच असतं कुठे, फळ्याखाली बसेल, असं मी दाखवून दिलं. ती उठून मशीनवर शिवायला बसली. म्हणजे पटलं.

चोवीस अजून गैरहजर. दहा दिवस पाठ बघत घरी बसणार असेल तर वर्गातल्यांपेक्षा पुढे जाईल.

१८ सप्टेंबर, बुधवार.
पाठ तीन: १९४. आज वर्गात शिरताना मागच्या बाकावरून कोणीतरी माझ्या आवाजात म्हणालं, सोपं आहे. हुबेहूब. मुलं आपली वाक्यं पाठ करायला लागली की समजावं, आपण पोचलो.

२० सप्टेंबर, शुक्रवार. सकाळ, तास सुरू व्हायच्या आधी.
मोठ्या बाईंनी निरोप पाठवला: दुपारी तीनला ऑफिसमध्ये या, एक पालक भेटायला येत आहेत. पाठ तीनबद्दल बोलायचं आहे.

अपेक्षितच होतं. पालक स्वतः भेटायला येतात म्हणजे मनातून भारावलेले असतात. निळा शर्ट धुवायला टाकलाय. पांढरा घातला आहे, तोही चालेल.

त्याच दिवशी. संध्याकाळी साडेपाच. घरी.
नीट लिहून काढतो. घडलं तसं.

पालक म्हणजे एक बाई होत्या. औषधाच्या दुकानात कामाला आहेत, दुकानातला पांढरा कोट तसाच अंगात होता. त्यांनी आपल्या मुलीचं नाव सांगितलं. मला पटकन लागेना कोण. मोठ्या बाईंनी हलकेच सांगितलं, तुमची चोवीस नंबर.

त्या बाई रागावून बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या एकेक गोष्ट काउंटरवरून औषध देतात तशी सांगत गेल्या. मुलगी रोज सकाळी सातला उठते, युनिफॉर्म घालते, दप्तर भरते, आणि दाराशी आली की उलटी करते. डॉक्टरांनी सगळं तपासलं, पोटात काही नाही. दहा दिवस त्यांनी तिला विचारलं, ती काही सांगत नव्हती. मग परवा शेजारणीने फोनवर एक व्हिडिओ दाखवला, बघा आमच्या ग्रुपवर काय फिरतंय म्हणून. त्यात त्यांची मुलगी होती.

मी म्हणालो, बाई, यात काहीतरी गैरसमज झालाय. तो तास मी घेतला आहे. वातावरण अगदी खेळीमेळीचं होतं. तुम्ही अर्धवट क्लिप बघितली असेल. आपण पूर्ण पाठ बघू, इथेच. कॅमेरा खोटं बोलत नाही.

हे मी म्हणालो. मीच म्हणालो. मोठ्या बाईंनी विचारलं, नक्की? आत्ता? मी म्हणालो, आत्ताच, मोठ्या स्क्रीनवर लावा.

लावला.

मी तो पहिल्यांदा बघत होतो. हे इथे लिहितो, तिथे बोललो नाही.

सतराव्या मिनिटाला ती फळ्याशी येते. मी तिला x वर्ग अधिक सात x अधिक बारा हे देतो. ती खडू घेऊन उभी राहते. दहा-बारा सेकंद झाले असतील. मी बाजूला टेबलाला टेकून वर्गाकडे तोंड करून म्हणतो, घे, वेळ घे, शाळा सहापर्यंत उघडी असते. हशा. मग म्हणतो, फळ्याला टेकू नकोस, तो पडला तर नवीन मिळायला तीन वर्षं लागतात. हशा. मी खरंच बघत होतो त्या हसणाऱ्या मुलांकडे. एकदासुद्धा तिच्याकडे बघितलं नाही.

आणि मग ते कॅमेऱ्याला दिसलं, जे मला दिसलं नव्हतं. माझ्या पाठीमागे तिने लिहिलं होतं: कंसात x अधिक तीन, कंसात x अधिक चार. बरोबर. अगदी बरोबर. बारीक अक्षरात, फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात. तेवढ्यात दुसरा हशा झाला. तिला वाटलं असणार, आपल्या उत्तरालाच हसताहेत. तिने तळहाताने ते पुसून टाकलं.

मग मी वळतो. फळा रिकामा. मी दोन्ही हात पसरून म्हणतो:

"तुझ्या जागी मी असतो ना, तर शाळेत आलोच नसतो."

तोच तो उत्स्फूर्त सुचलेला विनोद. बाक वाजतात. ती जागेवर जाऊन बसते, हाताला लागलेला खडू स्कर्टला पुसते. तो पांढरा पंजा स्कर्टवर तसाच राहतो. व्हिडिओत तो शेवटपर्यंत दिसतो, कारण ती खिडकीशी आहे आणि तिथे उजेड चांगला आहे.

पुढे तेवीस मिनिटं मी अवयव पाडतो. तो पाठ कोणी बंदही केला नाही.

बाई उठल्या. कोटाचं बटण लावत म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात तेच तिने केलं, सर." आणि गेल्या. आवाज चढवला नाही. दुकान उघडं होतं त्यांचं.

२१ सप्टेंबर, शनिवार.
विचार केला. काही मुद्दे माझ्या बाजूचे आहेत. एक, माइक लांब होता, त्यामुळे माझ्या आवाजातला जिव्हाळा रेकॉर्ड झाला नाही. दोन, विनोद संदर्भातून बाजूला काढला की कोणाचाही कडवट वाटतो. तीन, उत्तर इतक्या बारीक अक्षरात लिहिलं तर शिक्षकाला दिसणार कसं? अक्षर मोठं काढा हे मी पहिल्या दिवसापासून सांगतो आहे.

हे तिन्ही मुद्दे बायकोला सांगितले. ती जेवण वाढत होती. वाढून झालं, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, आता चौथा सांगा. 

२२ सप्टेंबर, रविवार. सकाळी अकरा.
लेकीला फोन केला. दुसऱ्या शहरात नोकरी करते, रविवारी निवांत असते. तिला सगळं सांगितलं, माझ्या बाजूने. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, बाबा, तुम्ही मला गणित शिकवायला बसलात की मी बाथरूममध्ये जाऊन बसायचे, आठवतं?

आठवत नाही. तिला तेव्हापासूनच पोटाचा त्रास असावा. सांगितलं असतं तर डॉक्टरांकडे नेलं असतं.

तिला हे म्हणालो.  मग तिने विचारलं, आई घरी आहे का?

२३ सप्टेंबर, सोमवार.
पाठ तीन ग्रुपवरून काढला. मोठ्या बाईंनी सांगितलं, यापुढे माझा प्रत्येक पाठ त्यांच्या ऑफिसमध्ये, त्यांच्यासमोर बसून, पूर्ण बघायचा आणि मगच टाकायचा. तक्त्यावर आता दोघांच्या सह्या.  स्टाफरूममध्ये चहा मला आधी दिला. आजाऱ्याला देतात तसा.

वर्गात गेलो. फोनचा लाल ठिपका बघितला आणि दोन वाक्यं गिळली. पुढे आणखी चार गिळली. चाळीस मिनिटांचा तास सव्वीस मिनिटांत संपला. एका मुलीने विचारलं, सर, तुम्हाला बरं नाहीये का? म्हणालो, घसा. उरलेल्या वेळात त्यांना गणितं सोडवायला दिली. फिरून बघत होतो. पहिल्यांदाच लक्षात आलं की सोळा नंबर डावखुरा आहे. सत्तावीस वर्षं... म्हणजे हा मुलगा तर फक्त जूनपासून आहे माझ्याकडे. पण तरी.

२४ सप्टेंबर, मंगळवार.
मोठ्या बाईंच्या ऑफिसमध्ये कालचा पाठ बघितला. सव्वीस मिनिटं. माणसाने स्वतःची पाठ बघत बसायची ही काय शिक्षा आहे, असं सुरुवातीला वाटलं. आठव्या मिनिटाला तिसऱ्या बाकावरचा एक हात वर होता. सोळाव्या मिनिटालाही तो हात वर होता, आता दुसऱ्या हाताचा टेकू देऊन. मग तो खाली गेला. मोठ्या बाईंनी व्हिडिओ तिथे थांबवला, आणि पुढे सुरू केला.

मी म्हणालो, हा कॅमेरा जरा जास्तच मागे लावलाय.

२७ सप्टेंबर, शुक्रवार.
मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्ही त्या मुलीची माफी मागायला हवी. मी म्हणालो, मी तयारच आहे, आज घरी जातो. त्यांनी तिच्या आईला फोन लावला. आई म्हणाली, घरी नको. तुमचं नाव काढलं तरी ती आत जाऊन दार लावते.

मला मार्ग सुचला. ज्या माध्यमातून गैरसमज झाला (चूक, चूक झाली), त्याच माध्यमातून निस्तरायचं. व्हिडिओ. खास तिच्यासाठी, लिंक फक्त तिला. आई म्हणाली, पाठवा, मी तिला काही सांगणार नाही, बघायचा की नाही ते तिचं ती ठरवेल. बाकीचे पाठ ती बघतेच आहे, परीक्षा चुकवायची नाही म्हणते.

बाकीचे पाठ ती बघते. म्हणजे माझे सगळे. हे ऐकून छातीत काहीतरी हललं, ते गर्वाने की कशाने ते कळलं नाही.

२८ सप्टेंबर, शनिवार. शाळा सुटल्यावर, नववीच्या रिकाम्या वर्गात.
टेक एक: तेवीस मिनिटं. तपासला. त्यात माझ्या शिक्षक होण्याची प्रेरणा, त्या काळची परिस्थिती, शिस्तीचं महत्त्व आणि वर्ग त्रिपदीचं सूत्र आलं आहे. माफी चार सेकंदांची, तीसुद्धा 'जर तुला वाईट वाटलं असेल तर' अशी.

टेक दोन ते सहा: 'जर' काढायचा प्रयत्न. निघत नाही. तोंडातून आपोआप येतो.

टेक सात: 'जर' निघाला, पण त्याच्या जागी 'खरं म्हणजे' आलं.

टेक आठ: शाळेच्या शिपाईकाकांनी दार उघडून विचारलं, सर, कोणाशी बोलताय? बंद करावा लागला.

आधी फळ्यावर लिहून काढलं होतं, 'मी चुकलो'. मग वाटलं, हे शिक्षकाला शोभत नाही. पुसलं. फळा धुऊन स्वच्छ केला, त्याच्यासमोर सरळ उभा राहिलो, कॅमेऱ्याकडे तोंड करून. गंमत करायची नसताना पहिल्यांदाच फळ्याकडे पाठ.

टेक अकरा. पाच मिनिटं चाळीस सेकंद.

२९ सप्टेंबर, रविवार. सकाळ.
बायकोला दाखवला. तिने पूर्ण बघितला, घड्या न घालता. म्हणाली, शेवटची दोन वाक्यं आहेत ना, तेवढीच ठेवा. आधीचं सगळं काढा.

शेवटची दोन वाक्यं अशी आहेत: "तुझं उत्तर बरोबर होतं. मी बघितलं नाही, माझं चुकलं."

मला वाटतं आधीची साडेपाच मिनिटं पार्श्वभूमी म्हणून लागतात. पण खरं सांगायचं तर ती दोन वाक्यं म्हणताना माझा आवाज असा झाला होता की तो मलाच ओळखू आला नाही. कदाचित त्या आवाजापर्यंत पोचायला मला साडेपाच मिनिटं लागतात. बायकोला हे सांगितलं नाही.

पाठवला, होता तसा.

३० सप्टेंबर, सोमवार.
व्ह्यूज: ०. अकरा वाजता ०. सव्वाला ०. तीनला ०.

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ९.४०.
व्ह्यूज: १.

बघितला तिने. स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसून राहिलो. विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, काय झालं? म्हणालो, एक. त्यांना कळलं नसावं, पण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ठेवूनच उभ्या राहिल्या. बऱ्या आहेत बाई. अपवर्तनाचा पाठ वाईट नव्हता.

आता उत्तर येईल. घाई नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.
उत्तर नाही. पण शाळेत सांगितलंय की ती सोमवारपासून येणार. माझ्या 'अ'मधून 'ब' तुकडीत. तिथे गणितही विज्ञानाच्या बाईच घेतात. मोठ्या बाईंनी मला वेगळं बोलावून सांगितलं, म्हणाल्या, तुम्हाला आधी कळावं म्हणून. मी म्हणालो, उत्तम, तिकडे जागा हवेशीर आहे.

येते आहे ना, हे महत्त्वाचं. माझ्या सहा मिनिटांचा परिणाम नाही असं कोण म्हणेल? माणूस मनापासून बोलला की पोचतं. बायकोला म्हणालो, बघ, साडेपाच मिनिटं ठेवली ते बरं केलं. शिवणाचं मशीन आहे तिथेच राहू दे, असंही म्हणालो. खोलीचा प्लॅन सध्या रद्द.

७ ऑक्टोबर, सोमवार.
आली. दुरून बघितली. 'ब'च्या दारात जरा थांबली, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, आणि आत गेली. उलटी वगैरे काही झाली नाही. मी जिन्यात उभा होतो, दिसणार नाही असा.

८ ऑक्टोबर, मंगळवार. मधली सुट्टी संपताना.
मी फोनचा स्टँड घेऊन खाली चाललो होतो. ती वर येत होती. एकटीच. वाटलं, आता मान खाली घालून जाईल. पण ती थांबली. दोन पायऱ्या खाली, माझ्याकडे न बघता, स्टँडकडे बघत.

म्हणाली, सर, एक विचारायचं होतं. 'अ'चे व्हिडिओ आता बंद होणार का?

मी म्हणालो, का?

ती म्हणाली, नका ना बंद करू. तुमचा फळा छान असतो. एकही पायरी सुटत नाही. 'ब'मध्ये गेले तरी मी तुमचेच बघून सोडवते.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिने पुढचं सांगितलं, अगदी सरळ, जसं एखाद्याला अभ्यासाची युक्ती सांगावी तसं.

"मी आवाज बंद करून बघते, सर. आवाज बंद केला की सगळं समजतं."

जिन्यात बाकीची मुलं चढत होती, आम्हाला वळसा घालून जात होती. मी विचारलं, सगळेच? आवाज बंद करून?

हो, सगळेच, ती म्हणाली. मग जरा आठवून म्हणाली, एक सोडून. त्यात फळा कोराच होता. तुम्ही नुसतेच उभे होता. तो लगेच बंद केला मी. चुकून रेकॉर्ड झाला होता ना?

ती दोन वाक्यं मला पाठ होती. अकरा टेक झाले होते. समोर कॅमेरा नव्हता, वर्ग नव्हता, ती दोन पायऱ्या खाली होती आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, हो. चुकून झाला तो.

घंटा झाली. ती वर गेली. माझा तास खाली होता.